जुन्या उर्दू फाइली, नवा कॉम्प्युटर : व्हर्च्युअल मशिनमधला शेअर्ड फोल्डर नीट समजून घेऊ या

मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, औरंगाबाद, सोलापूर, नागपूर. उर्दू माध्यमाची शाळा कुठलीही असो, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दोन लिप्यांचा संसार असतो. शिक्षण विभागाला जाणारं पत्र मराठीत आणि सहामाहीची प्रश्नपत्रिका उर्दूत. मराठी मजकूर बरीच वर्षं श्री-लिपी किंवा तसल्याच फॉन्टमध्ये टाइप होत आला, उर्दू मजकूर इनपेजमध्ये. शाळेचं सालाना मॅगझिन, जलशाची आमंत्रणपत्रिका, मस्जिद ट्रस्टचा अहवाल, मोहल्ल्यातल्या मदरशाचं वेळापत्रक, सगळं त्यातच.

आता जुने कॉम्प्युटर बंद पडू लागलेत. नवीन मशिन येतं ते विंडोज 11 घेऊन, किंवा परवान्याचा खर्च नको म्हणून त्यावर उबुंटू टाकलेलं असतं. आणि मग कळतं की पंधरा वर्षांच्या फाइली पेन ड्राइव्हमध्ये आहेत, पण उघडत नाहीत.

यावर एक चांगला उपाय आहे. नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर चालवायचा, आणि दोघांमध्ये एक सामाईक फोल्डर ठेवायचा. पहिल्याला व्हर्च्युअल मशिन म्हणतात, दुसऱ्याला शेअर्ड फोल्डर. ही सोय करून देणारे पुष्कळ भेटतात, पण तिच्यात धोका कुठे आहे हे फारसं कोणी सांगत नाही. आम्ही शिक्षक मंडळी रोज हेच काम करतो, म्हणून या लेखात दोन्ही बाजू मांडतो आहोत.

फाइली उघडत का नाहीत?

उर्दूची नस्तालीक लिपी ही छपाईची जुनी अडचण. अक्षरं तिरकी उतरत जातात आणि शेजारचं अक्षर बदललं की आकार बदलतो. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं फार उशिरापर्यंत कातिबांच्या हातून लिहिली जात. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साथीने नूरी नस्तालीक तयार केली आणि नस्तालीक कॉम्प्युटरवर आली. 1994 मध्ये आलेल्या इनपेज या भारतीय सॉफ्टवेअरमुळे ती साध्या ऑफिसापर्यंत पोहोचली.

पण त्या काळात युनिकोड रुळलेलं नव्हतं. इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांनी अक्षरांसाठी स्वतःचे संकेत वापरले. जुन्या मराठी फॉन्टचंही तेच. त्यामुळे ती फाइल दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडली की चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइल बिघडलेली नसते, तिला वाचणारा प्रोग्रॅम समोर नसतो. आणि तो प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर नीट चालतो.

मग जुनाच कॉम्प्युटर का वापरू नये? कारण विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सुरक्षेचे अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले. असं मशिन इंटरनेटला जोडून त्यावर पोर्टलची कामं करणं म्हणजे कुलूप नसलेल्या कपाटात निकालपत्रकं ठेवणं. शिवाय हार्ड डिस्क आज ना उद्या जाणारच.

घरातलं घर

व्हर्च्युअल मशिन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. बाहेरच्या खऱ्या मशिनला होस्ट म्हणतात, म्हणजे यजमान. आतल्याला गेस्ट, म्हणजे पाहुणा. पाहुण्याची हार्ड डिस्क ही खरं तर होस्टवरची एक मोठी फाइल असते. पाहुण्याला वाटतं आपल्याला स्वतःची मेमरी आहे, स्वतःचा पडदा आहे. बाहेरचं जग त्याला दिसत नाही, आणि न दिसणं हीच त्याची सुरक्षा.

हे चालवायला व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर मिळतं. इनोटेक या जर्मन कंपनीने ते बनवलं, 2008 मध्ये ते सन कंपनीकडे गेलं आणि 2010 पासून ओरॅकलकडे आहे. नव्या कॉम्प्युटरला 8 जीबी मेमरी असेल तर पाहुण्याला 2 जीबी द्या, विंडोज 7 तेवढ्यात आरामात चालतं. मशिन सुरूच होत नसेल तर कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद आहे का ते आधी बघा. विंडोज आणि इनपेज या दोघांचाही परवाना मात्र आपल्याकडे असलाच पाहिजे. काही जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक लागतं. ते होस्टला लावून डिव्हायसेस मेनूतल्या यूएसबीमधून पाहुण्याकडे वळवता येतं.

इथवर सगळे येतात. पुढचा प्रश्न असा, की फाइली होस्टवर आहेत आणि इनपेज पाहुण्यात, मग फाइल आत जाणार कशी?

एकच फाइल, दोन दारं

शेअर्ड फोल्डरबद्दल एक गोष्ट पक्की समजली की बाकी सगळं आपोआप समजतं. इथे फाइलची कॉपी होत नाही. फाइल एकच, होस्टच्या डिस्कवर. पाहुण्याला तिच्याकडे जायला फक्त एक दार उघडून दिलेलं असतं.

दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक कपाट आहे आणि त्याला दोन्हीकडून दार आहे, असं समजा. इकडून ठेवलेली वही तिकडून काढता येते. पण तिकडून कोणी वही फाडली, तर ती इकडेही फाटलेलीच सापडणार. पेन ड्राइव्हने नेलेल्या फाइलची एक प्रत मागे राहते, इथे राहत नाही. ही सोय आहे आणि धोकाही हाच आहे.

जोडणी कशी करायची

पहिली पायरी गेस्ट ॲडिशन्सची. हे व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणारं छोटं पॅकेज आहे, जे पाहुण्याच्या आत बसवावं लागतं. त्याच्याशिवाय शेअर्ड फोल्डर दिसणारच नाही. पाहुणा चालू असताना वरच्या डिव्हायसेस मेनूत जा आणि इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज निवडा. आत विंडोज 7 च्या कॉम्प्युटर खिडकीत एक सीडी दिसू लागेल. ती उघडून त्यातलं विंडोज ॲडिशन्स चालवा, नेक्स्ट-नेक्स्ट करत जा आणि शेवटी रीस्टार्ट करा. अपडेट न केलेल्या विंडोज 7 वर इथे ड्रायव्हरच्या सहीबद्दल अडथळा येऊ शकतो. नव्या ड्रायव्हरांवर एसएचए-2 पद्धतीची सही असते आणि ती ओळखणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च 2019 मध्ये दिला होता. तो, आणि त्याआधी सर्व्हिस पॅक 1, टाकलेला असावा.

दुसरी पायरी होस्टवर. दोन फोल्डर बनवा, एक "जुने" आणि एक "नवे". नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, मध्ये मोकळी जागा नको. जुन्या सगळ्या फाइली "जुने"मध्ये टाका. "नवे" सध्या रिकामा.

तिसरी पायरी. पाहुणा पूर्ण बंद करा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याच्या सेटिंग्जमध्ये शेअर्ड फोल्डर्स हा भाग आहे. उजवीकडच्या अधिकच्या खुणेवर क्लिक करा. फोल्डर पाथमध्ये "जुने" निवडा. खाली रीड-ओन्ली आणि ऑटो-माउंट अशा दोन चौकटी आहेत, दोन्हींवर टिक करा. मग पुन्हा अधिकच्या खुणेवर जाऊन "नवे" जोडा. याला फक्त ऑटो-माउंट, रीड-ओन्ली नको. पाहुणा बंद असताना जोडलेला फोल्डर कायमचा राहतो. चालू असताना जोडला, तर परमनंटची चौकट निवडावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी तो गायब होतो.

चौथी पायरी. पाहुणा सुरू करा आणि कॉम्प्युटर उघडा. नेटवर्क लोकेशनखाली दोन नवे ड्राइव्ह दिसतील. नाही दिसले तर पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, मग व्ही-बी-ओ-एक्स-एस-व्ही-आर ही अक्षरं, पुन्हा एक उलटी तिरकी रेघ आणि शेवटी फोल्डरचं नाव टाइप करा. अशा पत्त्यावरून काही जुने प्रोग्रॅम फाइल उघडत नाहीत, त्यांना ड्राइव्हचं अक्षरच लागतं. म्हणून ऑटो-माउंटची टिक महत्त्वाची.

संगणक कक्षात उलटा प्रकारही असतो, म्हणजे होस्ट विंडोज आणि मुलांना शिकवायला पाहुणा उबुंटू. तिथे शेअर्ड फोल्डर मीडिया या फोल्डरात, नावाआधी एस-एफ आणि खालची रेघ लागून दिसतो. उघडायला गेलं की परवानगी नाही असं उत्तर येतं. कारण तो फोल्डर व्हीबॉक्स-एसएफ नावाच्या गटासाठी राखीव असतो. आपल्या युजरला त्या गटात सामील करा, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा, दार उघडेल.

दोन फोल्डर कशासाठी?

एकाच फोल्डरात काम भागलं असतं, असं कोणी म्हणेल. भागतं, पण मग पंधरा वर्षांचा साठा आणि आजचं काम एकाच दाराला लागतात.

पाहुण्यामधून शेअर्ड फोल्डरमधली फाइल डिलीट केली, तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. विंडोज 7 या फोल्डरला नेटवर्कवरची जागा समजतं आणि तिथली फाइल थेट पुसतं. होस्टच्या ट्रॅशमध्येही ती सापडत नाही. "कायमचं पुसायचं का?" अशी चौकट येते, पण घाईत येस दाबणारे हात शाळेच्या ऑफिसात कमी नाहीत.

"जुने" रीड-ओन्ली असेल तर पाहुणा फाइल वाचू शकतो, बदलू किंवा पुसू शकत नाही. गेल्या वर्षीची इयत्ता आठवीची प्रश्नपत्रिका उघडायची, सेव्ह ॲज करून "नवे"मध्ये ठेवायची आणि तिथे बदल करायचे. मूळ जसं होतं तसं राहतं. एखादा प्रोग्रॅम रीड-ओन्ली जागेतली फाइल उघडायला कुरकुर करत असेल, तर ती आधी "नवे"मध्ये कॉपी करून मग उघडा.

स्नॅपशॉटवर विसंबू नका

व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट घेता येतो. पाहुण्याची या क्षणाची स्थिती जपून ठेवायची आणि पुढे काही बिघडलं तर मागे फिरायचं. ही उत्तम सोय आहे. मात्र स्नॅपशॉट पाहुण्याच्या स्वतःच्या डिस्कचा असतो. शेअर्ड फोल्डर होस्टवर असतो, तो त्यात येत नाही. सोमवारचा स्नॅपशॉट आहे म्हणून बुधवारी पुसलेली "नवे"मधली फाइल परत येणार नाही.

त्यामुळे शेअर्ड फोल्डरला बॅकअप समजायचं नाही. "जुने" आणि "नवे" यांची प्रत दर आठवड्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जमलं तर आणखी एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर. पावसाळ्यात छत गळलं तर कॉम्प्युटर आणि कपाट एकाच वेळी भिजतात.

पाहुण्याचं इंटरनेट काढून टाका

मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातले कॉम्प्युटर बंद पाडले. फाइली कुलूपबंद करून ते खंडणी मागत होतं, आणि त्यात सर्वांत जास्त सापडली ती अपडेट न केलेली विंडोज 7 ची मशिनं. आपला पाहुणा त्याच जातीचा आहे.

अनेकांना वाटतं, पाहुणा वेगळ्या खोलीत आहे, काही शिरलंच तर तिथल्या तिथे राहील. एरवी ते बहुतांशी खरं. पण शेअर्ड फोल्डरचं दार उघडं असेल तर पाहुण्यातलं रॅन्समवेअर त्या दारातून येऊन लिहिण्याची परवानगी असलेली प्रत्येक फाइल बिघडवू शकतं. होस्टवर नवं विंडोज असो वा उबुंटू, त्याला कळणारही नाही, कारण आपणच परवानगी दिलेली असते.

उपाय सोपा आहे. पाहुण्याच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क या भागात अटॅच्ड टू समोर नॉट अटॅच्ड निवडा. "मग शेअर्ड फोल्डर बंद पडेल ना?" असं हमखास विचारलं जातं. पडत नाही. तो दिसतो नेटवर्कसारखा, पण चालतो गेस्ट ॲडिशन्सच्या आतल्या वाटेने. त्याला ना वायफाय लागतं, ना केबल. इनपेजला इंटरनेटचं काय काम? डाउनलोड, ईमेल, पोर्टल, सगळं होस्टवर करा.

संपूर्ण ड्राइव्ह कधीच शेअर करू नका

जोडणी करून देणारे कधीकधी सोय म्हणून होस्टचा अख्खा डी ड्राइव्ह किंवा होम फोल्डर पाहुण्याला देऊन मोकळे होतात. त्याच ड्राइव्हवर काय काय असतं ते आठवा. सरल आणि यू-डायससाठी भरलेली विद्यार्थ्यांची माहिती, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर, शिष्यवृत्तीसाठी दिलेले बँक खात्यांचे तपशील, उत्पन्नाचे दाखले. पालकांनी ते शाळेच्या भरवशावर दिलेले असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही अमानत आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांच्या माहितीची वेगळी काळजी घ्यायला सांगितलं आहे. पाहुण्याला प्रश्नपत्रिका टाइप करायची आहे, मग त्याला फक्त प्रश्नपत्रिकांचा फोल्डर दाखवा. घरी आलेल्या पाहुण्याला आपण दिवाणखाना दाखवतो, तिजोरीची किल्ली देत नाही.

नेहमी येणाऱ्या अडचणी

*नाव उर्दूत आहे, फाइल उघडत नाही.* उबुंटूवर फाइलचं नाव उर्दू किंवा मराठीत देता येतं. युनिकोड न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला मात्र ते नाव वाचता येत नाही. नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा. प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब, ताराचिन्ह ही नावात टाळा, उबुंटूला ती चालतात, विंडोजला नाही.

*दोन फाइलींपैकी एकच नीट उघडते.* उबुंटू मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वेगळी मानतं, विंडोज एकच मानतं. अक्षरांच्या आकारापुरताच फरक असलेली दोन नावं एका फोल्डरात ठेवू नका.

*सेव्ह केलेलं काम हरवलं.* तीच फाइल होस्टवर आणि पाहुण्यात एकाच वेळी उघडी होती का ते बघा. शेवटी सेव्ह करणाऱ्याचं टिकतं. एका वेळी एकाच बाजूने काम करायचं.

*काल फोल्डर दिसत होता, आज नाही.* होस्टवरचा फोल्डर हलवला किंवा त्याचं नाव बदललं, तर पाहुण्याला जुना पत्ता सापडत नाही. सेटिंग्जमध्ये नवा पत्ता द्या. व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती टाकली असेल, तर गेस्ट ॲडिशन्सही नव्याने बसवा.

*आमच्याकडे व्हीएमवेअर आहे.* तत्त्व तेच. तिथे गेस्ट ॲडिशन्सऐवजी व्हीएमवेअर टूल्स लागतात आणि मशिनच्या सेटिंग्जमध्ये ऑप्शन्सखाली शेअर्ड फोल्डर्स मिळतात. रीड-ओन्लीची सोय तिथेही आहे.

खरं काम : फाइली सोडवून आणणं

ही सगळी जोडणी कायमची ठेवण्यासाठी नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. तिचा खरा उपयोग जुना साठा बाहेर काढण्यासाठी आहे.

पाहुण्यात इनपेज सुरू करा, "जुने"मधली एकेक फाइल उघडा आणि पीडीएफ बनवून "नवे"मध्ये टाका. विंडोज 7 मध्ये पीडीएफचा प्रिंटर आधीपासून नसतो. त्यासाठी एखाद्या मोफत पीडीएफ प्रिंटरचा इन्स्टॉलर होस्टवर डाउनलोड करून "जुने"मध्ये ठेवा आणि तिथून पाहुण्यात चालवा. पीडीएफ पुढे कुठल्याही मोबाइलवर उघडेल. ज्या मजकुरात पुन्हा बदल करावे लागतात, उदाहरणार्थ घटक चाचण्या किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्याचा नमुना, तो युनिकोडमध्ये आणा. अशी रूपांतराची साधनं मिळतात, पण त्यानंतर उर्दू शिक्षकाने ओळ न ओळ वाचावी. जेर-जबर आणि आकडे विशेष तपासा, गणिताच्या पेपरात एक आकडा उलटा पडला तर मुलाचं नुकसान होतं.

नवं काम मात्र पाहुण्यात करू नका. आज लिब्रेऑफिसमध्ये नोटो नस्तालीक उर्दूसारखा मोफत युनिकोड फॉन्ट टाकून होस्टवर थेट उर्दू टाइप करता येतं. त्याच फाइलीत मराठी परिच्छेदही बसतो. उर्दू आणि मराठी एका पानावर आणण्यासाठी आपण पूर्वी किती कात्री-डिंक केले ते जुन्या शिक्षकांना विचारा.

सुरुवात कुठून करायची? आधी यादी करा. कुठल्या कॉम्प्युटरवर, कुठल्या पेन ड्राइव्हमध्ये, कोणाच्या घरी जुन्या फाइली आहेत ते लिहून काढा. निवृत्त झालेल्या सरांकडे, प्रिंटिंग प्रेसवाल्याकडे, मस्जिद ट्रस्टच्या ऑफिसात विचारा. संगणक कक्षातले नववी-दहावीचे दोन-तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक मिळून दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास बसले, तरी एका शैक्षणिक वर्षात बराच साठा बाहेर येतो. मुलंही त्यातून शिकतात. त्यांच्या हाती "जुने" देताना रीड-ओन्लीची टिक आहे ना, एवढं बघायला विसरू नका.